उरलेली माधुकरी

दुपारचे बारा वाजले की आमच्या गल्लीत कोण पैशावाला आणि कोण फाटका हे कळायचं बंद होतं. गाणगापूरला आलेला माणूस संगमावर अंघोळ करतो, मंदिरात जाऊन पादुकांचं दर्शन घेतो, आणि मग गळ्यात झोळी अडकवून पाच घरी माधुकरी मागतो. दत्त महाराज स्वतः या वेळेला इथं भिक्षेला येतात असं मानतात. कुठल्या रूपात येतील ते कुणी सांगावं? म्हणून मागणाऱ्याला रिकामं पाठवायचं नाही, आणि का मागतोस असं विचारायचं तर मुळीच नाही.

मी मुडबी गावची. आमचं बसवण्णांना मानणारं शेतकरी घर, आणि आमच्या अप्पांना मागणाऱ्याचा भारी तिटकारा. "हात हलवावा, पसरू न्हाई," हे त्यांचं रोजचं वाक्य. लग्न होऊन गाणगापूरला आले, ते सासऱ्यांच्या लॉजमध्ये. खाली फुलं, नारळ, अत्तर, झोळ्या विकायचं दुकान, वर यात्रेकरूंना भाड्यानं द्यायच्या खोल्या. पहिल्याच दुपारी दारात एक गृहस्थ उभे. हातात सोन्याचं कडं, गल्लीच्या तोंडाशी त्यांची मोटार, आणि गळ्यात आमच्याच दुकानातली झोळी. त्यांनी "ॐ भवति भिक्षां देहि" म्हटलं आणि मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून मी आत पळाले.

सासूबाई रागावल्या नाहीत. भाकरीची टोपली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "वाढताना तोंडाकडं बघू नगं. झोळीकडं बघ."

हळूहळू बाकीचं कळत गेलं. झोळीत पोटापुरतं पडलं की मागणाऱ्यानं बास म्हणायचं. तरी जास्त झालं तर शेजारी जो कोण झोळी घेऊन उभा असेल त्याच्या झोळीत टाकायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. कुणाच्या भाकरीवर कुणाचं नाव नसतं. पाच घरचा भात, पाच घरची डाळ, सगळं एकात एक होऊन जातं. वाढता वाढता माझ्या केसांत पांढरं आलं. अप्पांचं वाक्य डोक्यातून गेलं नाही, पण मला वाटायचं, ते माझ्यासाठी नव्हतंच. आपण वाढणारे.

मग मला रक्ताचा कॅन्सर झाला.

आधी नुसता ताप. मग अंगावर काळेनिळे डाग, दात घासताना रक्त. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून नवऱ्याला बाहेर बोलावलं, तेव्हाच मी समजले. तिथून हैदराबाद. सरकारी कार्डावर थोडं भागलं, पुढच्या औषधांना कार्ड चालेना. लॉजचा गल्ला, माझ्या पाटल्या, दिरांनी दिलेलं, सगळं त्या वॉर्डात विरघळलं. तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "अव्वा, आनलाईन मागू या."

ती कडगंचीला विद्यापीठात शिकत होती. तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी भावासाठी असं मागितलं होतं म्हणे. कंपनी असते, ती मोबाईलवर आपलं पान उघडून देते, लोक पैसे टाकतात, पैसे थेट दवाखान्यात जमा होतात. मी विचारलं, कोण लोक? ती म्हणाली, कुणीपण. मला ते बरं वाटलं. कुणीपण म्हणजे आमच्या गल्लीसारखंच की.

कंपनीच्या माणसाचा फोन आला. गोड बोलणारा पोरगा, हिंदीत बोलत होता. त्यानं आधी कागद मागितले, मग फोटो. मुलीनं माझा लग्नसमारंभातला फोटो पाठवला तर म्हणाला, हा नको. आताचा पाठवा, नळ्या लावलेला, केस गेलेला. जमलं तर डोळ्यांत पाणी असलेला. फोन स्पीकरवर होता. मी पलंगावरून ओरडले, "त्याला म्हण, मी मेल्यावरचा पाठवते, लई खपंल." मुलगी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "तुला ऱ्हायचंय का न्हाई, तेवढं सांग."

राहायचं होतं. खोटं कशाला बोलू? जगायची इतकी हाव आपल्यात असते हे मला त्या वॉर्डात कळलं. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मी टोपरं काढलं, टकलं डोकं उशीला टेकवलं आणि म्हटलं, काढ. डोळ्यांत पाणी आणावं लागलं नाही, ते आपोआप आलं, आणि मुलीनं नेमका तोच फोटो निवडला.

वर मजकूर होता. तो मी वाचला तेव्हा पान जगभर गेलेलं होतं. 'गाणगापुरात फुलं विकून पोट भरणारी, रोज दत्तभक्तांच्या झोळीत भाकरी वाढणारी ही माउली आज स्वतः झोळी घेऊन तुमच्या दारात उभी आहे.' लॉजचा त्यात पत्ता नव्हता. मी विचारलं तर मुलगी म्हणाली, "ह्यात एक तरी खोटं हाय का? फुलं इकत न्हाईस का तू? वाढत न्हाईस का?" खरंच होतं. एकही शब्द खोटा नव्हता, नुसती गैरसोयीची पानं खुडून टाकली होती, जुडी बांधताना भाजीवाली खुडते तशी. आणि सगळ्यात चीड कशाची आली सांगू? एवढी वर्षं टोपली घेऊन दारात उभी राहिले ते कधी कामाला येईल म्हणून नव्हतं. ते वाढणं पोरीनं बाजारात मांडलं, आणि मी मांडू दिलं.

पैसे आले. सोलापूर, सांगली, पुणे, नाशिक, कुठून कुठून. जोडीला 'श्री गुरुदेव दत्त'. कुणी लिहिलं, काकू, तुमच्या हातची शेंगाचटणी खाल्लेली आहे. कुणी लिहिलं, महाराजांनीच परीक्षा घेतलीय. कधी काळी मी ज्यांच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं ते सगळे आता माझ्या तोंडाकडं बघत होते.

शेजारच्या पलंगावर औरादकडची एक बाई होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आजार तोच. नवरा टेम्पो चालवायचा, तो तिच्या पायाशी बसून असायचा, बोलणं फार कमी. तिला कायम हुडहुडी भरलेली. दवाखान्याच्या गाउनवर ती स्वतःची हिरवी साडी शालीसारखी पांघरून बसायची. पिवळा काठ, काठात लाल ठिपके. पहिल्या दिवसापासून ती मला 'अक्का' आणि 'तू' म्हणाली, जशी पाठची बहीण. गाणगापूर तिला माहीत होतं, लहानपणी आईबरोबर येऊन तिनं माधुकरी मागितलेली होती.

"अक्का, बरी झाल्यावर येतो बघ," ती म्हणायची. "पयली माधुकरी तुझ्या दारात."

"ये. तुला डाळीत तूप घालून वाढते."

"तूप कामून? नेमात हाय का तूप?"

ती हसायची आणि तिला खोकला यायचा.

माझ्या मुलीनं तिचंही पान उघडून दिलं. पण नवरा फोटोला तयार होईना. "घरच्या बाईचं असलं तोंड जगाला दावू व्हय?" एवढं एकच वाक्य. मग तिच्या पानावर रिपोर्टाचा फोटो टाकला. रिपोर्टाकडं बघून कुणाचं काळीज हलतं? पान तसंच पडून राहिलं. चार ओळखीच्यांनी टाकले तेवढेच. मुलगी तिला विचारायची, काकू, तुमच्याबद्दल काय लिहू? कुणाला मदत केलेली, काही केलेलं असं काही? ती बराच वेळ विचार करायची. एकदा माझ्याकडं वळून म्हणाली, "मी कुणाला जेवू घातल्यालं न्हाई अक्का. घरच्याला घातलं, तेवढंच. मी नुसती आजारी हाय."

आजारी असणं पुरत नव्हतं. आजाऱ्यानं गुणीही असावं लागत होतं, दिसायला दीनही, आणि त्याला सांगायला गोष्टही पाहिजे होती.

माझं पान भरलं, मागितला होता तेवढा आकडा झाला. भरून वर जायला लागलं. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलंय, पुढचा मोठा खर्च कदाचित लागणारच नाही. त्या दिवशी मी फार हरखले होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड, पण ही गोष्ट मी जिभेनं बोलले नाही, आमचं गावच माझ्या तोंडून बोललं. मी शेजारच्या पलंगाला म्हटलं, "माझ्या झोळीत पोटापुरतं पडलं. उरलंय ते तुझं."

तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं पांघरलेल्या साडीचा पदर दोन्ही हातांनी पुढं धरला, पिवळा काठ वर करून, आणि म्हणाली, "वाढ अक्का."

नवरा उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मुलीला म्हणाला, "ताई, हिचं पान बंद करून टाका. एका घरचं मिळाल्यावर अजून कशाला मागत बसावं?" गावाकडं मामाकडून उसने आणायला जाणार होता, तेही त्यानं थांबवलं. त्यालाही माझ्यासारखंच वाटलं, की झाला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी माझा नवरा बिलाच्या खिडकीवर गेला. तिथली मुलगी म्हणाली, हे पैसे या पेशंटच्या नावावर आहेत, दुसऱ्याच्या बिलात वळवता येत नाहीत, कंपनीला विचारा. कंपनीला विचारलं. तोच गोड बोलणारा पोरगा. म्हणाला, मॅडम, देणाऱ्यांनी तुमच्यासाठी दिलेत. उरले तर तुमच्या पुढच्या उपचाराला राहतील. मी म्हटलं, अरे बाबा, ती बाई इथं माझ्या हाताच्या अंतरावर आहे, मी माझं सोडतेय. तो म्हणाला, मॅडम, लोकांचा विश्वास असतो. कुणीही पेशंटच्या नावानं मागेल आणि पैसे भलतीकडं वळवेल, असं होतं म्हणून नियम केलाय.

दात्यानं द्यावं आणि कोठावळ्याचं पोट दुखावं, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. मराठी त्याला कळलं नाही. पण तो चुकीचं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. चोर असतातच. त्यांच्यासाठी बांधलेल्या दाराला आम्ही डोकं आपटत होतो.

मग मुलीनं ज्यांचे नंबर होते त्या देणाऱ्यांनाच विचारलं. उरलेले पैसे शेजारच्या बाईला द्यायला तुमची हरकत नाही ना, असं एकदा लिहून द्या, म्हणजे कंपनीला दाखवू. काहींनी लगेच लिहिलं, द्या की, विचारता काय. पण बाकीच्यांची उत्तरं मी अजून विसरले नाही. 'ताई, आम्ही तुम्हाला बघून दिले होते.' 'म्हणजे तुम्हाला एवढ्या पैशांची गरज नव्हती का?' 'ती बाई कोण? दत्तभक्त आहे का?' आणि एकानं साधंच लिहिलं, 'त्यांचा फोटो पाठवा.'

मोबाईल मुलीच्या हातात होता, आणि टेम्पोवाला तिच्या खांद्यावरून वाचत होता. वाचून झाल्यावर तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "काढा ताई फोटो."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिनं साडी डोक्यावरून घेतली, मुलीनं हळूच ती मागं सारली, केस गेलेले दिसावेत म्हणून. फोटो काढला. पण तिला दिलेल्या औषधांनी तिचं तोंड सुजून गोल झालेलं होतं, गालावर तकाकी आलेली. दुखत असताना ती हसायची, ती सवय तिला तेव्हाही मोडता आली नाही. फोटोत दिसत होती ती खाऊनपिऊन सुखी, हसऱ्या तोंडाची बाई. पान पुन्हा उघडलं, सगळीकडं पाठवलं. माझ्या देणाऱ्यांपैकी एकानं लिहिलं, या आजारी वाटत नाहीत.

त्या माणसाला मी शोधून काढलं असतं तर काय केलं असतं कुणास ठाऊक. ज्या बाईचं तोंड नवऱ्यानं जिवापलीकडं झाकून ठेवलं, ते उघडं करून त्यांना काय मिळालं? अब्रूही गेली आणि औषधही आलं नाही.

आमच्याकडचं हातात होतं ते माझ्या नवऱ्यानं त्यांना दिलं, ते औषधांच्या एकाच चिठ्ठीत गेलं. पुढं ते दोघं गावी निघाले. डॉक्टर नको म्हणत होते. टेम्पोवाला म्हणाला, "पैशाचं जमवून आठ दिसांत आणतो." जाताना ती माझ्या पलंगाशी आली, माझ्या पायाला हात लावायला वाकली, मी वाकू दिलं नाही. तिच्या अंगाला औषधाचा वास येत होता, माझ्याही येत असणार.

"अक्का, मनाला लावून घिऊ नगं," ती म्हणाली. "तू वाढलीस. माझ्या पदरात पडलं न्हाई, त्याला तू काय करशील?"

तीच मला समजावत होती. मला तिचा राग आला, खरंच सांगते. तिनं मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या.

मी बरी होऊन घरी आले तेव्हा आमच्या गल्लीनं हार घालून माझं स्वागत केलं. त्यानंतर मुलीनं औरादला फोन लावला. तो टेम्पोवाल्यानं उचलला, "अक्काला सांगा, ती गेली," म्हणाला आणि ठेवून दिला. मी दुकानात फुलं निवडत होते. निवडत राहिले. काय करणार होते? मग दुपारी झोळ्या आल्या, त्यांत वाढलं. त्या रात्री जेवले नाही एवढंच.

माझे पैसे अजून तिथंच आहेत. दवाखान्यात, माझ्या नावावर, पुढच्या उपचारासाठी. तपासणीला गेले की खिडकीवरची मुलगी सांगते, मॅडम, तुमचे शिल्लक आहेत, काळजी करू नका. ते वापरायचे तर मला पुन्हा आजारी पडावं लागेल. भाकरी असती तर कुत्र्यानं तरी खाल्ली असती. आणि गल्लीत नवीन साडी नेसून बाहेर पडले की मला वाटतं, कुणीतरी बघतंय, आमच्या पैशाची आहे का म्हणून. कुणी म्हणत नाही. पण ज्यानं माझ्या टकल्या डोक्याकडं बघून दिलंय, त्याला माझ्या साडीकडं बघायचा हक्क मीच देऊन बसले. आमच्या दारात मागून गेलेला माणूस संध्याकाळी दुकानात पेढे घेताना दिसला तरी त्याच्याकडं कुणी असं बघत नाही. आता अप्पांचं वाक्य आठवतं आणि मी मनातच त्यांच्याशी भांडते. अप्पा, मी हात पसरला म्हणून जगले. आणि जगले म्हणून हे सगळं बघायला उरले.

गेल्या श्रावणात गर्दी फार होती. रांग वळून मंदिराच्या गल्लीपर्यंत गेलेली. आता घरात सून आलीय, ती भाताचं पातेलं घेऊन, मी भाकरीची टोपली घेऊन. सासूबाई जाऊन वर्षं झाली, पण त्यांनी सांगितलेलं मी पाळते, तोंडाकडं बघत नाही. भगवी झोळी आली, वाढलं. पांढरी आली, वाढलं. मग एक हिरवी आली. पिवळा काठ, काठात लाल ठिपके. हातानं शिवलेली होती, टाके वाकडेतिकडे, पुरुषाच्या हातचे.

मी वर बघितलं. तो पार वाळलेला होता. दाढी वाढलेली, कपाळाला इबितीचे पट्टे.

"अण्णा," मी म्हटलं, "आत या."

"न्हाई अक्का. नेम हाय. अजून चार घरं हायेत." मग झोळी पुढं करून म्हणाला, "पयली तुमच्या दारात मागायची म्हणली हुती."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी सुनेच्या हातातून पळी ओढून घेतली. भात घातला, डाळ घातली, आत ओरडून तूप मागवलं, ते घातलं, भाकरीवर भाकरी घालत सुटले. हिरव्या कापडातून डाळ झिरपून त्याच्या सदऱ्यावर यायला लागली. रांगेतले लोक बघत होते. सून हळूच म्हणाली, अत्ती, पुरे. मला थांबता येईना. अजून एक भाकरी उचलली, तेव्हा त्यानं झोळीच्या तोंडावर हात ठेवला. तोंड त्यानं वाईट केलं नाही, आवाजही चढवला नाही.

"बास, अक्का," तो म्हणाला. "उरंल."

आणि झोळी सावरत पुढच्या घराकडं गेला. मी ती भाकरी हातात धरून तशीच उभी होते. मागची झोळी पुढं आली.